खोकडाचा पत्ता

कोल्हा आणि खोकड ही दोन वेगळी जनावरं आहेत, हे होस्टेलवर दहा जणांना विचारलं तर दोघांना माहीत असेल. कोल्हा आठ-दहा किलोचा. खोकड जेमतेम दोन-तीन किलोचं, बारीक पायांचं, झुपकेदार शेपटीला काळं टोक असलेलं. सोलापूरहून बार्शी रस्त्याला वीसेक किलोमीटरवर नान्नजचा माळ लागतो. तो माळढोकामुळे प्रसिद्ध झाला, पण माझ्या मते तिथला खरा रहिवासी खोकडच!

एखादं जनावर खाण्यासाठी आणि पिलांसाठी नेहमी जेवढ्या भागात फिरतं, त्याला होम रेंज म्हणजे वावरक्षेत्र म्हणतात. ते मोजायचं कसं? इथे आम्हा ई अँड टीसीवाल्यांचा विषय येतो. २००० नंतरच्या दशकात अबी तमीम वनक यांनी नान्नजला खोकडांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून अभ्यास केला. कॉलर म्हणजे एक छोटा ट्रान्समीटर. आपल्या लॅबमध्ये असतो तसा यागी अँटेना हातात धरून फिरवायचा, सिग्नल जोरात येईल ती दिशा होकायंत्रावर घ्यायची. दोन-तीन ठिकाणांहून अशा रेषा काढल्या की त्या छेदतात तिथे खोकड. दिशा पाच अंशांनी चुकली तर एक किलोमीटरवर फरक पडतो सुमारे ८७ मीटरचा (टॅन काढून बघा), शिवाय खोकड काही आपल्यासाठी थांबून राहत नाही. म्हणून रेषा पटापट घ्याव्या लागतात.

मग हे बिंदू नकाशावर मांडून सगळ्यांत बाहेरचे जोडायचे. झाला बहुभुज! पण खोकड एखाद्या रात्री उगाच लांब गेलं तरी क्षेत्रफळ फुगतं. त्यामुळे बिंदू कुठे दाट आहेत हेही पाहतात.

खोकडाचा उत्तरेकडचा भाऊबंद, आर्क्टिक कोल्हा, वजनाने साधारण एवढाच. पण २०१८ मध्ये उपग्रहाची कॉलर घातलेली एक तरुण मादी नॉर्वेच्या स्पिट्सबर्गन बेटावरून समुद्राच्या बर्फावर उतरली आणि ७६ दिवसांत ३५०६ किलोमीटर चालून कॅनडात पोचली. एका दिवसात तर १५५ किलोमीटर!

आपलं खोकड असं करत नाही. ऋतू बदलला की ते मुलूख सोडत नाही, ताटातलं बदलतं: उंदीर, सरडे, पावसाळ्यात किडे-वाळवी, थंडीत बोरं. थंडीत जोड्या जमतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी पिलं बिळाबाहेर खेळताना दिसतात. तेव्हा नर-मादी दोघांच्या फेऱ्या बिळाभोवतीच.

गंमत इथेच संपते. वनक यांच्या अभ्यासात खोकडांची पसंती गवताळ माळालाच दिसली. आणि माळाला आपण कागदोपत्री म्हणतो पडीक! मग तिथे नांगर फिरतो, नाहीतर रांगेत झाडं लागतात. एनएसएसच्या कॅम्पला माळावर खड्डे खणण्याआधी निदान बिळं आहेत का ते पाहावं, असं मला वाटतं. दाट झाडीत खोकडाला करण्यासारखं काही नसतं.

दुसरी अडचण कुत्र्यांची. गावातली, शेतावरची मोकाट कुत्री माळावर येतात. नान्नजला प्रयोग म्हणून कुत्रा जवळ बांधून खाणं ठेवलं, तेव्हा खोकडांनी ते कमी खाल्लं. अर्धं लक्ष कुत्र्याकडेच. त्यात डिस्टेंपरसारखे रोग दोघांनाही होतात. अशी कुत्री पोसली जातात ती आपण बाहेर टाकलेल्या उष्ट्यावर, त्यात मेसच्या मागे टाकलेला भातही आला.