नायट्रस लावण्याआधी पेट्रोलकडे बघा

मिशिगनमधल्या ड्रॅग पट्टीवर माझ्या मस्टँगचा एक पिस्टन वितळला, तेव्हा नायट्रसची बाटली, सोलेनॉइड, नळ्या सगळं धड होतं. कमी पडलं ते पेट्रोल. शंभर हॉर्सपॉवरचं किट बसवणाऱ्या गॅरेजने जुना पंप ‘चालेल’ म्हणत तसाच ठेवला आणि पट्टीच्या शेवटाकडे त्याचा दाब खचला.

नायट्रस, म्हणजे नायट्रस ऑक्साइड वायू, स्वतः जळत नाही. त्यात वजनाने 36 टक्के ऑक्सिजन असतो आणि इंजिनातल्या उष्णतेने तो सुटा होतो. जोडीला पेट्रोल पुरेसं असेल तर ताकद वाढते; नसेल तर तीच आग पिस्टन खाते. म्हणून किटच्या आधी पंपावर खर्च करा. पूर्ण भार असताना दाब किती राहतो ते गेजवर बघा आणि दाब पडताच नायट्रस तोडणारा स्विच बसवाच. हा स्विच स्वस्त असतो, तरी लोक नेमका तोच वगळतात याचं मला फार वाईट वाटतं.

बाटलीचा दाब साधारण 900 ते 1000 पीएसआय ठेवावा. उन्हात तो चढला की नायट्रस जास्त जातो, पेट्रोल मात्र तेवढंच राहतं. थंडीत बाटली ब्लोटॉर्चने तापवणारे मी पाहिले आहेत. कृपा करून हे कधीही करू नका, जीव जाईल. दाब पाहून आपोआप बंद होणारा हीटरच वापरा. बाटली गाडीच्या आतच असेल तर तिच्या सेफ्टी व्हॉल्व्हची नळी बाहेर काढा.

ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि इंजिन तीन हजार आरपीएमच्या वर असेल तरच नायट्रस सुटावा. रेव्ह लिमिटर लागण्याच्या आत तो बंद व्हावा, कारण बरेच लिमिटर पेट्रोलच तोडतात. इग्निशन टायमिंग दर पन्नास हॉर्सपॉवरला दोनेक अंश मागे घ्या, स्पार्क प्लग एक पायरी थंड घ्या.

पहिल्या धावेला नायट्रसचं प्रमाण ठरवणारं लहानातलं लहान जेट घाला. अर्ध्या पट्टीवर क्लच दाबून इंजिन बंद करा, गाडी ओढून आणा, प्लग काढा. पांढऱ्या पोर्सिलेनवर ॲल्युमिनियमचे चकाकते ठिपके दिसले तर त्या दिवशी बाटली पुन्हा उघडू नका.