गिझरचा सॉकेट गुणगुणू लागला तर

विजेच्या सॉकेटमध्ये आवाज करण्यासारखे काहीच नसते. पितळी पट्ट्या, स्क्रू आणि प्लास्टिकचा साचा, एवढाच त्याचा ऐवज. म्हणून बाथरूममधला सॉकेट गुणगुणू लागला, की कुठेतरी जोड ढिला झाला आहे असेच आधी धरावे.

घरगुती वीज 230 व्होल्टची आणि 50 हर्ट्झची. ती येलदरीच्या जलविद्युत केंद्रातली असो की परळीच्या औष्णिक केंद्रातली, कंप्रता तीच. प्रवाह सेकंदाला 100 वेळा शिखर गाठतो आणि सैल जोडाला तितकेच हिसके बसतात. त्यातून बारीक ‘घूं’ निघतो. जोड आणखी सुटला की फटीत ठिणग्या पडतात आणि चरचर ऐकू येते. तोवर आतले पितळ जळू लागलेले असते.

जिंतूरसारख्या गावात पहिला संशय व्होल्टेजवर जातो. रब्बीत शेतीपंप सुरू झाले की दाब उतरतो, हा अनुभव खोटा नाही, आणि तेव्हा पंपाची मोटर घुमते हेही खरे. गिझरला मात्र हे लागू नाही. दाब उतरला तर त्याची कॉइल प्रवाहही कमीच ओढते. प्रस्तुत लेखकाच्या जिंतुरातल्या घरी हिवाळ्यात गिझर लावला की बोर्ड गुणगुणे आणि त्याचे खापर व्होल्टेजवर फुटे. वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू ढिला, त्याखालची तार हिरवट आणि तिचे आवरण करपलेले निघाले. एवढे होऊनही एमसीबी एकदाही पडला नव्हता.

त्यात एमसीबीचा दोष नव्हता. 2000 वॉटचा गिझर सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह घेतो. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम धरला तरी त्या एवढ्याशा जागेत जवळपास 38 वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न इतक्यावर लालबुंद नसला तरी शिसे वितळवतो. प्रवाह मात्र वाढत नाही, उलट किंचित घटतो. एमसीबी प्रवाह वाढला तर पडतो, आरसीसीबी प्रवाह बाहेर गळला तर. इथे दोन्ही घडत नाही. महागडी सुरक्षा-साधने बसवलेल्या घरातही हा दोष कान आणि नाकच पकडतात. जुन्या घरात किटकॅट फ्यूजला जाड तार गुंडाळलेली असेल, तर पुढचे संरक्षणही गेलेच.

बाथरूममध्ये हा दोष लवकर उद्भवतो, कारण वाफ बोर्डात शिरते आणि तांब्या-पितळेवर गंज चढतो. रोजच्या तापण्या-थंडावण्याने स्क्रूही हळूहळू सैल होतात. गिझरला 16 अँपिअरचाच सॉकेट लागतो. कन्व्हर्टर लावून तो 6 अँपिअरच्या सॉकेटमध्ये चालवणे म्हणजे दुखणे विकत घेणे.

गुणगुण ऐकू आल्यावर प्लग हिसकून काढू नये. चालू प्रवाहात पिन निघताना ठिणगी उडते. ओल्या हाताने बटणही दाबू नये. बाहेर येऊन, कोरड्या जागी उभे राहून त्या लाइनचा एमसीबी किंवा थेट मेन स्विच बंद करावा. आवाज थांबला तर तो विजेचाच. बोर्ड निवल्यावर सॉकेटच्या तोंडाशी पिवळे-तपकिरी डाग, प्लगच्या पिनवर काळपटपणा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास आहे का, एवढेच घरच्या माणसाने पाहावे. गिझर बंद असतानाही बोर्ड गुणगुणत असेल, तर त्याच बोर्डातून पुढे दुसऱ्या पॉइंटला लाइन गेलेली असते. तीही तपासायला हवी. आवाज टाकीतून येत असेल, तर बहुधा बोअरच्या जड पाण्यातले क्षार कॉइलवर बसलेले असतात. ते काम गिझर दुरुस्त करणाऱ्याचे.

पुढचे काम परवानाधारक वायरमनचे. मेन बंद करून, टेस्टरने खात्री करूनच बोर्ड उघडायचा. करपलेली तार ताज्या तांब्यापर्यंत कापावी, सॉकेट आणि प्लग दोन्ही नवे घ्यावेत. जळका सॉकेट घासून परत बसवण्याची काटकसर अंगाशी येते, कारण तापून ढिल्या पडलेल्या पितळी पट्ट्या पुन्हा घट्ट पकडत नाहीत. अर्थिंग तपासून घ्यावे आणि आरसीसीबी नसल्यास 30 मिलिअँपिअरचा बसवावा. तो सैल जोड ओळखत नसला तरी शॉकपासून जीव वाचवतो. जमेल तिथे बोर्डच बाथरूमबाहेर घ्यावा. काम झाल्यावर गिझर अर्धा तास चालवून, मेन बंद करून प्लगला हात लावून पाहावा. तो कोमट लागला तर चालेल, गरम लागला तर वायरमनला परत बोलवावे.

गुणगुण मीटरमधून किंवा खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरमधून येत असेल, तर तिथे घरच्या वायरमनलाही हात लावू देऊ नये. महावितरणच्या 1912 क्रमांकावर तक्रार नोंदवावी.