मॉरिशसला गोल्फचे मैदान निवडताना

गोल्फ हा आपला विषय नव्हे, असे म्हणणारे बांधव सोलापुरात पुष्कळ आहेत, आणि त्यांचे अगदीच चुकते असेही नाही. सुताचा भाव, विजेचे बिल, कामगारांचा पगार आणि अडकलेली उधारी यांतून मान वर करायला फुरसत नसते. अशा माणसाने पांढऱ्या चेंडूमागे चार तास का चालावे? पण टेरी टॉवेलचा धंदा आपल्याला हॉटेलवाल्यांच्या दारात नेतो. तेथला खरेदी अधिकारी किंवा परदेशी गिऱ्हाईक सहज म्हणून जातो, "या एकदा मॉरिशसला, एक डाव होऊन जाऊ द्या." शिवाय आपली मुले पुण्या-मुंबईत शिकून आली आहेत. त्यांनी हातात काठी धरलेली असते, आणि कुटुंबाची सहल ठरली की "अब्बा, तेथे गोल्फसुद्धा खेळू" हा आग्रह ठरलेला. मग माहितीपत्रके मागवली जातात. प्रत्येकात तेच निळे पाणी, तेच हिरवे गवत, तोच पांढरा झेंडा. सुताचा काउंट न विचारता रंगावर भुलून माल उचलावा, तसे मैदान निवडले जाते आणि खर्च अंगावर येतो. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास करू.

आधी खेळाची जुजबी ओळख. पुऱ्या मैदानात 18 होल, म्हणजे 18 लक्ष्ये असतात. प्रत्येकाचे भोक सव्वाचार इंच व्यासाचे. चांगल्या खेळाडूला पुरे मैदान संपवायला जितके फटके लागावेत त्या आकड्याला पार म्हणतात, तो बहुधा 72 च्या आसपास असतो. एका थैलीत जास्तीत जास्त 14 काठ्या ठेवता येतात. एक फेरी साधारण चार ते पाच तास चालते. आमच्या दृष्टीने या खेळाचे खरे मोल या चार-पाच तासांत आहे. एरवी ज्या गिऱ्हाइकाकडून दहा मिनिटांची वेळ मिळायला आठवडा जातो, तो येथे अर्धा दिवस आपल्या शेजारी चालत असतो.

मॉरिशसच का, याचे उत्तर सोपे आहे. मुंबईहून थेट विमानाने सहा-साडेसहा तासांत पोचता येते. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. फेब्रुवारी 2024 पासून तेथे आपले यूपीआय सुरू झाले आहे. मुसलमानांची वस्ती शेकडा 17 च्या आसपास आहे. राजधानी पोर्ट लुईसची जुम्मा मशीद जुनी व प्रसिद्ध आहे, आणि हलाल जेवण शहरात शोधावे लागत नाही. मराठी माणसाला आणखी एक ओढ आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारावर गेलेल्या कोकणातल्या मजुरांची पिढी तेथे आजही आपले मराठीपण सांभाळून आहे. गणेश चतुर्थी आणि ईद-उल-फित्र या दोन्ही दिवशी तेथे सार्वजनिक सुटी असते. कोणाला कचेरीत भेटायचे असेल तर तारखा ठरवताना हे ध्यानात ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. मॉरिशसचे मुख्य बेट जेमतेम 1,865 चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या सुमारे आठव्या हिश्श्याएवढे. त्यामुळे माणूस समजतो की कोठेही उतरले तरी सारखेच. तसे नाही. या बेटाला वाऱ्याची बाजू आहे आणि आडोशाची बाजू आहे. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर सरळ आदळतात. त्यांचा जोर आपल्या पावसाळ्याच्या महिन्यांत, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये जास्त असतो. तेथे तेव्हा हिवाळा असतो, हवा कोरडी व आल्हाददायक असते, आणि आपल्या लोकांना शाळेच्या सुट्या सोडून नेमका हाच काळ स्वस्त पडतो. पण त्याच दिवसांत पूर्वेच्या मैदानावर चेंडू एक दिशेला मारावा आणि तो भलतीकडे जावा. पश्चिम व उत्तर किनारा डोंगरांच्या आडोशाला असल्याने तेथे वारा मवाळ असतो आणि पाऊसही कमी. उलट मधल्या पठारावर ढग अडतात. किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना वर रिमझिम चालू, हे तेथे नेहमीचे. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम. जानेवारी ते मार्च तर फार दमट. त्या दिवसांत जायचेच असेल तर सकाळी उजाडताच खेळून मोकळे व्हावे.

म्हणजे सोलापूरहून जाणाऱ्या नवशिक्याने जुलैत कोठे खेळावे? आमचे मत पश्चिमेला किंवा उत्तरेला. पश्चिमेचे तामारिना मैदान डोंगराच्या पायथ्याशी, पूर्वीच्या शिकारीच्या रानात वसवलेले आहे. त्या बाजूला कोरडे हवामान असल्याने दिवस वाया जाण्याची भीती कमी. उत्तरेचे मोंत शॉइझी हे मैदान 2017 मध्ये सुरू झाले. पोर्ट लुईसपासून ते जवळ, म्हणून ज्यांना बाजारातही हिंडायचे आहे त्यांच्या सोयीचे.

सर्वांत जास्त छायाचित्रे ज्याची छापली जातात ते म्हणजे पूर्वेचे इल ओ सेर्फ. जर्मन खेळाडू बर्नहार्ड लँगर यांनी आखलेले हे मैदान 2003 मध्ये खुले झाले. ते एका वेगळ्या छोट्या बेटावर आहे, तेथे होडीने जावे लागते. नऊ तळी, खारफुटी, काळे ज्वालामुखी दगड आणि अरुंद पट्टे. देखणे आहे यात शंका नाही. पण हे मैदान चेंडू गिळते, अशी त्याची ख्याती आहे. कच्च्या हाताच्या माणसाचे डझनभर चेंडू पाण्यात गेले तर नवल नाही, आणि त्याच्यासोबतचे गिऱ्हाईक प्रत्येक वेळी ताटकळत उभे राहते. सौदा जमवायला गेलेल्याने अशा ठिकाणी गिऱ्हाइकाला नेऊ नये. मुलाला खरोखर खेळता येत असेल तर त्याला एकट्याला एक दिवस पाठवावे, बाकी कुटुंबाने बेटाच्या किनाऱ्यावर बसावे.

त्याच बाजूला बेल मारचे लेजंड (1994) आणि लिंक्स (2002) ही दोन मैदाने आहेत, तसेच दक्षिण आफ्रिकेच्या अर्नी एल्स यांनी आखलेले अनाहिता (2008). ही सर्व नावाजलेली, पण वाऱ्याचा मुद्दा तेथेही लागू.

दक्षिणेकडे बेल ओंब्र हे पूर्वीचे उसाचे मळे. तेथे 2004 मध्ये पीटर मॅटकोविच यांनी ल शातो हे मैदान आखले. 2015 ची पहिली मॉरिशस ओपन स्पर्धा येथेच झाली. आम्हाला या ठिकाणाची एक गोष्ट फार पटते. मोठ्या मैदानाशेजारी नऊ होलचे लहान मैदानही आहे. बाप नवशिका, मुलगा तयार, अशी जोडी असेल तर दोघांची सोय एका जागी होते. 2023 मध्ये तेथेच ला रेझर्व्ह हे नवे मैदान निघाले. ते मोकळे व वाऱ्याचे आहे, तेव्हा ते अनुभवी माणसासाठी सोडावे. नैऋत्येला ल मोर्नच्या डोंगराखाली पारादीचे मैदान आहे. पळून आलेल्या गुलामांनी या डोंगराचा आसरा घेतला होता आणि 2008 पासून तो जागतिक वारसा आहे. नुसता तो डोंगर पाहायला गेले तरी फेरी वाया जात नाही.

पठारावर व्हाकोआ येथे 1844 पासूनचा जिमखाना क्लब आहे. समुद्र नाही, पोस्टकार्ड नाही, लांबी कमी. आमच्यासारख्या काटकसरी माणसाने या नावाची चौकशी जरूर करावी. चहाच्या मळ्यांच्या मुलखातील अव्हेलॉनही वर थंड हवेत आहे, मात्र छत्री घेऊन जावे.

आता हिशोब, कारण खरा फटका तेथेच बसतो. "गोल्फ मोफत" असे जे हॉटेल लिहिते त्याचा अर्थ बहुधा इतकाच की मैदानाचे शुल्क, म्हणजे ग्रीन फी, माफ. बग्गी, भाड्याच्या काठ्या, चेंडू, सरावाचे चेंडू हे सर्व वेगळे. काही ठिकाणी बग्गी घेणे सक्तीचे असते. आपण टॉवेलचा दर देताना पॅकिंग, वाहतूक, कर वेगळे सांगतो, तसाच हा प्रकार. एक उदाहरण मांडतो. आकडे फक्त रीत समजण्यापुरते आहेत, बाजारभाव म्हणून धरू नयेत.

समजा, पहिले हॉटेल साधे, रात्रीचे 18,000 रुपये. चार रात्रींचे 72,000. प्रत्येक फेरीला ग्रीन फी 9,000, बग्गी 2,500, काठ्या 4,000, चेंडू 1,000, टॅक्सी 3,500, मिळून 20,000. दुसरे हॉटेल "मोफत गोल्फ"चे, रात्रीचे 27,000, चार रात्रींचे 1,08,000. मैदान दारात, म्हणून टॅक्सी नाही. पण बग्गी, काठ्या, चेंडू मिळून फेरीला 7,500 आहेतच. दोनच फेऱ्या खेळलात तर पहिले 1,12,000 ला पडते आणि मोफतवाले 1,23,000 ला. तीन फेऱ्यांना पारडे जवळजवळ समान होते. चार फेऱ्या खेळणाऱ्याला पहिले 1,52,000 आणि दुसरे 1,38,000. म्हणजे रोज खेळणाऱ्या मुलाला मोफतवाले हॉटेल फायद्याचे, आणि गिऱ्हाइकाबरोबर एकदा मैदानात उतरणाऱ्या व्यापाऱ्याला साधे हॉटेल बरे. कागदावर हे दोन रकाने पाडल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. दर कोणत्या चलनात आहे तेही पाहावे. युरोतही दर सांगतात, आणि त्यांचा रुपया आपल्या सुमारे दोन रुपयांच्या जवळपास जातो. नुसता "रुपये" हा शब्द वाचून खूश होणाऱ्याची पंचाईत होते.

चौकशीच्या पत्रात आणखी तीन प्रश्न घालावेत. हँडिकॅपचा, म्हणजे खेळाच्या दर्जाचा दाखला लागतो का? काही मैदानांना तो लागतो. पुढच्या टीवरून, म्हणजे जवळच्या आरंभरेषेवरून, मैदानाची लांबी किती? एकाच मैदानावर तीन-चार रंगांच्या आरंभरेषा असतात. नवशिक्याने सर्वांत पुढची घ्यावी, त्यात कमीपणा नाही, उलट सोबतच्यांचा वेळ वाचतो. आणि पावसाने खेळ थांबला तर पैसे परत की दुसरी वेळ?

वेळ निवडताना घड्याळ पाहावे. मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. जूनमध्ये तेथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून दुपारी एकनंतर निघालेली फेरी अंधारात सापडते. शुक्रवारी सकाळी सातची वेळ घेतली तर साडेअकरापर्यंत मोकळे होऊन जुम्म्याला पोचता येते. मशिदी पोर्ट लुईसबाहेरच्या गावांतही आहेत. हॉटेलातील जेवणात मांस हलाल आहे का हे मात्र आधी लेखी विचारावे. शहरात सोय आहे म्हणून रिसॉर्टच्या भटारखान्यातही असेल, असे धरून चालू नये.

मैदानावरच्या रीतीविषयी दोन शब्द. कॉलरचा शर्ट, साधी पँट, जीन्स नको. दुसरा फटका मारत असताना बोलू नये, मोबाईल बंद. बरेच खेळाडू फेरीवर पैसे लावतात. पहिले नऊ होल, नंतरचे नऊ आणि पूर्ण फेरी अशा तीन पैजा लावण्याची चाल तर सर्रास आहे. आपल्याला ती जुगारात बसते. तेव्हा पहिल्या टीपाशीच हसून सांगावे की आम्ही पैज लावत नाही, नाश्ता आमच्याकडून. मधेच नकार दिला तर तो हरण्याच्या भीतीचा दिसतो. खेळानंतर बैठक क्लबघरात होते, तिला विनोदाने एकोणिसावे होल म्हणतात. तेथे आपण चहा किंवा लिंबूपाणी मागवले तर कोणी भुवया उंचावत नाही. कामाचे बोलणे याच टेबलावर काढावे, सातव्या होलावर भावाची घासाघीस केली तर सगळ्यांचा खेळ बिघडतो.

टॉवेलवाल्याला मैदानावर डोळे उघडे ठेवण्यासारखे पुष्कळ आहे. थैलीला लटकणारा गोल्फ टॉवेल साधारण 16 बाय 24 इंचांचा, तीन घड्यांत दुमडलेला, कडेला धातूची कडी आणि हुक. एका बाजूला टेरीचे लूप, दुसरी बाजू कातरून मखमलीसारखी केलेली, कारण क्लबचे चिन्ह तिच्यावर स्पष्ट उठते. लूप चिखल व गवत पुसतात. खाऱ्या वाऱ्याच्या आणि वाळूच्या मैदानावर पांढऱ्याचे काय हाल होतात आणि गडद रंग धुलाईत किती टिकतो, हे तेथल्या बग्गीवरचा जुना टॉवेल हातात घेतला की कळते. कडीभोवतीची शिलाई कोठे उसवली आहे तेही पाहावे. सोलापूरच्या मागांवर असा माल काढायला अडचण नाही. अडचण कातरणीच्या यंत्राची आणि लहान मागणीची आहे. एक क्लब एका रंगात थोडकेच नग मागतो, आणि आपल्या रंगाईवाल्याला तेवढ्यासाठी भांडे लावणे परवडत नाही. दोन-तीन हॉटेलांची मागणी एका रंगात बांधता आली तर गणित जमते, आणि तशी माणसे एकाच क्लबघरात एका सकाळी भेटण्याची शक्यता बेल ओंब्र किंवा बेल मारसारख्या ठिकाणी जास्त, कारण तेथे मैदाने व हॉटेले एकमेकांना लागून आहेत.

मुलाला आधी पुण्यात येरवड्याच्या मैदानावर दोन-चार वेळा नेऊन त्याचा हात पाहावा. तेथे जो चेंडू सरळ जात नाही तो समुद्रकाठीही जाणार नाही. मग मॉरिशसची नोंदणी करावी, निदान दोन महिने आधी, आणि मैदानाची वेळ हॉटेलच्या नोंदणीबरोबरच कागदावर घ्यावी.