नानीकडे जायचे तिकीट

मे महिन्यात सलमा आजोळी, रत्नागिरीला जाते. सुट्टी सर्वांना एकाच वेळी लागते, म्हणून गाडीतील जागा लवकर संपतात. गेल्या वर्षी अब्बांना उशीर झाला. प्रतीक्षा यादीतील तिकीट पक्के झालेच नाही. नानी वाट पाहत राहिली.

या वर्षी सलमाने दिनदर्शिका काढली. १ नोव्हेंबर २०२४ पासून बहुतेक गाड्यांचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. तिने दिवस मोजले.

"अब्बा, १० मेला निघायचे ना? मग ११ मार्चला सकाळी ८ वाजताच तिकीट काढा!"

अब्बांनी तसेच केले. तिकीट मिळताच सलमाने नानीला फोन लावला.

प्रश्न : २० मेच्या गाडीचे आरक्षण कधी सुरू होईल?