हमीची मुदत संपल्यावर उत्पादकाची जबाबदारी

मोटारगाडीची हमी म्हणजे ठरावीक काळ अथवा ठरावीक किलोमीटरपर्यंत विनामूल्य दुरुस्तीचे वचन होय. ही मुदत संपताच उत्पादकाचे दायित्व संपते, हा समज मात्र बरोबर नाही.

वापराने होणारी झीज आणि मूळचा दोष यांत भेद केला पाहिजे. ब्रेकचे लायनर झिजले तर खर्च मालकाने सोसावयाचा. परंतु आराखड्यातील वा निर्मितीतील दोष पुष्कळदा वर्षांनंतरच प्रकट होतो. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधील अमोनियम नायट्रेट उष्णता व दमटपणा यांमुळे कालांतराने बिघडले. अपघातसमयी धातूचे तुकडे उडून माणसे दगावली. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगांची विनामूल्य बदली करण्याचे दायित्व मोटार उत्पादकांवर आले. त्यांत हमी संपलेल्या जुन्या गाड्याही होत्या.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ८४ अन्वये अशा दोषामुळे झालेली इजा, मृत्यू वा अन्य मालमत्तेची हानी यांबद्दल उत्पादक जबाबदार ठरतो. खुद्द गाडीचे नुकसान त्यात मोडत नाही. त्यासाठी सदोष मालाची तक्रार करता येते.

तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे करावी. दोष मूळचा असल्याचे तक्रारदाराने दाखवावयाचे असते. यास्तव नादुरुस्त भाग, दुरुस्तीच्या पावत्या व तज्ज्ञाचा अहवाल जपून ठेवणे अगत्याचे आहे. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती गावोगावच्या वाहनधारकांपर्यंत पोहोचवावी.