फवारणी पंपाची बॅटरी : वापर, भारण आणि निगा

पाठीवरच्या फवारणी पंपास आता पुष्कळ ठिकाणी हातदांड्याऐवजी बॅटरी जोडलेली असते. त्यामुळे श्रम वाचतात हे खरे. परंतु काम अर्ध्यावर असताना बॅटरी क्षीण झाली, म्हणजे पंपाचा दाब उतरतो, थेंब जाड पडतात आणि औषध सर्व पानांवर सारखे बसत नाही. कीड तशीच राहते व खर्च मात्र होऊन जातो. म्हणून बॅटरीची निगा हा पीकसंरक्षणाचाच एक भाग समजला पाहिजे.

योग्य बॅटरीची निवड

या पंपांत पुष्कळदा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते. ट्रॅक्टर सुरू करणारी बॅटरी निराळी. तिच्यातील पट्ट्या पातळ असून त्या क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी केलेल्या असतात. पंप किंवा दिवा तासन्‌तास चालविण्याचे काम तिला मानवत नाही. अशा कामास जाड पट्ट्यांची बॅटरीच घ्यावी.

कामाचा हिशेब

पंप ३ अँपिअर प्रवाह घेतो असे धरू. ८ अँपिअर-तासांपैकी निम्मे, म्हणजे ४ अँपिअर-तास वापरावयाचे ठरविल्यास, ४ भागिले ३, म्हणजे सुमारे सव्वा तास काम होईल. बॅटरी दर वेळी निम्म्यापर्यंतच वापरली, तर ती पूर्ण रिकामी करण्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळा भारित करता येते. क्षेत्र मोठे असल्यास दुसरी भारित बॅटरी जवळ ठेवावी.

बॅटरी काही तास विश्रांत ठेवून व्होल्टमापकाने पाहिल्यास सुमारे १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी आणि ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी समजावी.

भारण कसे करावे?

काम संपताच त्याच दिवशी बॅटरी भारित करण्यास लावावी. रिकामी बॅटरी पडून राहिल्यास पट्ट्यांवर शिसे-सल्फेटाचे कठीण स्फटिक जमतात व तिची धारणशक्ती कायमची घटते. पुष्कळ बॅटऱ्या वापराने नव्हे, तर अशा दुर्लक्षानेच निकामी होतात.

धारणशक्तीच्या एक दशांश, म्हणजे येथे ०.८ अँपिअर, हा सौम्य प्रवाह होय. निम्मी रिकामी बॅटरी या प्रवाहाने भरण्यास हिशेबाने ५ तास लागतात. परंतु शेवटी प्रवाह मंदावत असल्याने ७ ते ८ तास धरावेत. दाब सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत चढून पुढे आपोआप उतरेल असाच चार्जर वापरावा. सौरपट्टीवर भारण करताना मध्ये नियंत्रक अवश्य जोडावा. लिथियम बॅटरीस शिसे-आम्ल बॅटरीचा चार्जर लावू नये.

घ्यावयाची काळजी

१. भारण मोकळ्या हवेत करावे. त्या वेळी ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघू शकतो. जवळ विडी किंवा चूल नसावी.

२. झाकणे उघडणाऱ्या मोठ्या बॅटरीत पट्ट्या सदैव बुडालेल्या असाव्यात. त्यांत डिस्टिल्ड पाणीच घालावे. विहिरीचे पाणी किंवा आम्ल घालू नये. बंदिस्त बॅटरी कधीही उघडू नये.

३. आम्ल अंगावर उडाल्यास तो भाग भरपूर पाण्याने धुवावा. डोळ्यांत गेल्यास सतत पाण्याने धूत राहून विनाविलंब दवाखाना गाठावा.

४. हंगाम संपल्यावर बॅटरी पूर्ण भारित करून, पंपापासून सोडवून थंड व कोरड्या जागी ठेवावी. दर दोन महिन्यांनी ती पुन्हा भारित करावी.

५. निकामी बॅटरी फोडू नये. शिसे विषारी असून मुलांस विशेष अपायकारक आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांस अनुसरून ती विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलकाकडे द्यावी.

ग्रामसेवकांनी प्रत्येक पंपासोबत एक लहान वही ठेवण्यास सांगावे. तीत भारणाची तारीख, कामाचे तास व विश्रांत व्होल्ट लिहावेत. तितकेच भारण करूनही कामाचे तास घटू लागले, की बॅटरी थकली हे शेतकरी बंधूंस आधीच कळेल आणि ऐन फवारणीत खोळंबा होणार नाही.