काटकसरीचा कारभार

विद्यार्थी मित्रांनो, घरातला जमाखर्च कसा असतो, हे तुम्ही पाहिले आहे. 'जमा' आणि 'खर्च' हे दोन्ही शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचे आहेत. कमाई कमी आणि खर्च जास्त झाला, की घरातली मोठी माणसे हिशेब करायला बसतात. कोणी म्हणते, "यंदा सणाला नवे कपडे नकोत." कोणी म्हणते, "दूध कमी करू." पण लहान मुलाचे दूध बंद केले आणि ते आजारी पडले तर? वाचलेल्या पैशांपेक्षा औषधाचाच खर्च जास्त होतो. म्हणून काटकसर करतानाही विचार करावा लागतो.

सरकारचेही असेच असते. आज आपण आपल्या शेजारच्या श्रीलंका या देशाच्या इतिहासातील एक उदाहरण पाहू.

इंग्रजांच्या काळात या बेटाला सिलोन म्हणत. १७९६ मध्ये इंग्रजांनी तेथील किनाऱ्याचा भाग डच लोकांकडून घेतला. १८०२ मध्ये तो भाग इंग्लंडच्या राजाची वसाहत झाला. वसाहत म्हणजे दुसऱ्या देशाच्या ताब्यात असलेला मुलूख. बेटाच्या मधल्या डोंगराळ भागात कँडीचे राज्य होते. १८१५ मध्ये तेही इंग्रजांनी ताब्यात घेतले. १८१७-१८ मध्ये तेथे मोठा उठाव झाला. उठाव मोडला, पण सैन्याचा खर्च वाढला. दालचिनीचा व्यापार सरकारच्या हातात होता. तरीही उत्पन्नात भागेना. जमेपेक्षा खर्च जास्त झाला, तर त्या फरकाला 'तूट' म्हणतात. सिलोनच्या हिशेबात अशी तूट वारंवार येऊ लागली, तेव्हा लंडनच्या सरकारला काळजी वाटू लागली.

सरकारने चौकशीसाठी आयोग पाठवला. १८२९ मध्ये कोलब्रुक हे अधिकारी सिलोनला आले. त्यांनी कारभार आणि जमाखर्च तपासला. १८३० मध्ये कॅमेरन आले. त्यांनी न्यायालयांची पाहणी केली. लोकांनी आपल्या तक्रारी त्यांच्यापुढे मांडल्या. १८३१-३२ मध्ये दोघांनी आपले अहवाल सादर केले. त्याच सुमारास आपल्या देशात लॉर्ड बेंटिंक हे कंपनी सरकारच्या खर्चाला कात्री लावत होते.

आयोगाला काय दिसले? एवढ्याशा बेटावर दोन कारभार चालत होते. किनाऱ्यासाठी एक आणि कँडीसाठी दुसरा. अधिकारी वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, कायदेही वेगळे. आयोगाने सांगितले, "हे दोन्ही कारभार एक करा." त्याप्रमाणे १८३३ मध्ये सगळ्या बेटाचे पाच प्रांत केले गेले. प्रत्येक प्रांतावर सरकारी एजंट नावाचा एक अधिकारी नेमला. या एजंटच्या कार्यालयाला श्रीलंकेत आजही 'कच्चेरी' म्हणतात. उर्दूतली 'कचहरी', मराठीतली 'कचेरी' आणि ही 'कच्चेरी' एकाच घरातल्या बहिणी आहेत, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

आयोगाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सुचवली. सिलोनमध्ये 'राजकारिय' नावाची जुनी पद्धत होती. राजकारिय म्हणजे राजाचे काम. जमिनीच्या बदल्यात लोकांना सरकारची सक्तीची सेवा करावी लागे. गव्हर्नर बार्न्स यांनी कोलंबो ते कँडी हा रस्ता अशाच सक्तीच्या मजुरीवर बांधून घेतला होता. सरकारला ही मजुरी स्वस्त वाटे. पण ती खरोखर स्वस्त होती का? शेतकरी रस्त्यावर दगड फोडत असे, तेव्हा त्याच्या शेतात कोण राबणार? सरकारचा जो खर्च वाचे, तो गरिबाच्या घरातून वसूल होई. १८३२ मध्ये सरकारने ही सक्ती बंद केली. दालचिनीची सरकारी मक्तेदारीही १८३३ मध्ये संपली.

येथपर्यंत सारे ठीक झाले. पण खर्च कमी करण्यासाठी आयोगाने अधिकाऱ्यांच्या पगारांनाही कात्री लावायला सांगितले. सरकारने पगार कमी केले. नव्याने नोकरीत येणाऱ्यांचे निवृत्तिवेतन, म्हणजे पेन्शन, बंद केले. कागदावर खर्च कमी झाला. मग पुढे काय झाले?

त्याच काळात कँडीच्या डोंगरांत कॉफीचे मळे वाढू लागले. कॉफीत नफा चांगला होता. पगार अपुरा आणि म्हातारपणाची सोय नाही, म्हणून अधिकारीही जमिनी घेऊन मळे लावू लागले. सरकारी जमीन विकण्याचे काम अधिकाऱ्यांचे आणि ती विकत घेणारेही तेच! न्यायाधीशही यातून सुटले नाहीत. मग गरीब गावकऱ्याने जमिनीची तक्रार घेऊन जावे तरी कोणाकडे? कचेरीतल्या कामाकडे दुर्लक्ष होऊ लागले. सिंहली आणि तमिळ या लोकांच्या भाषा शिकण्याची कोणाला गरज वाटेना.

शेवटी लंडनच्या सरकारला आपला निर्णय फिरवावा लागला. १८४४-४५ मध्ये अधिकाऱ्यांना शेती व व्यापार करण्याची मनाई झाली. पगार वाढवले गेले आणि पेन्शन पुन्हा सुरू झाले. बारा वर्षांत गाडी पुन्हा पहिल्या जागी आली. मधल्या काळात लोकांचा विश्वास गेला, त्याची किंमत मात्र कोणत्याही वहीत लिहिलेली नाही.

पाच प्रांतांचे काय झाले, तेही ऐका. दोन कारभार एक करण्याचा निर्णय टिकला. पण पाच प्रांत फार मोठे होते. दूरच्या गावांतील लोकांना कचेरी लांब पडे. म्हणून हळूहळू नवे प्रांत केले गेले आणि १८८९ मध्ये त्यांची संख्या नऊ झाली. आजही श्रीलंकेत नऊ प्रांत आहेत.

मित्रांनो, या इतिहासातून आपण काय शिकावे? एकाच कामासाठी दोन कचेऱ्या असतील, तर त्यांतली एक बंद करणे ही खरी काटकसर आहे. पण काम करणाऱ्या माणसाच्या ताटातला घास कमी करणे, किंवा गरिबाकडून फुकट काम करून घेणे, याला काटकसर म्हणता येत नाही. तो खर्च वाचत नाही, फक्त दुसऱ्याच्या माथी जातो. तुमच्यापैकी कोणी उद्या कचेरीत बसेल, कोणी दुकान चालवेल, कोणी घर सांभाळेल. खर्च कमी करण्याची वेळ आली, की आधी एक प्रश्न स्वतःला विचारा : याचा भार कोणावर पडणार आहे?

स्वाध्याय

१. सिलोनच्या हिशेबात तूट का येऊ लागली?
२. 'राजकारिय' म्हणजे काय? ही मजुरी खरोखर स्वस्त होती का?
३. पगार कमी केल्यामुळे कोणते दुष्परिणाम झाले?
४. जमा, खर्च, हिशेब, कचेरी असे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत आढळणारे आणखी पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.